उरलेल्या कडा

माझं काम ताटल्या उचलायचं.
कापायचं काम रोझाल्बाचं, गल्ल्यावर तिचा भाचा,
आणि मत द्यायचं काम सगळ्या वस्तीचं.

बफेलोत नोव्हेंबरपासून सरोवर घुश्शात असतं.
लोक आत येतात ते आधी चष्मे पुसतात,
मग काचेआडच्या तुकड्यांकडे बघतात,
मग किमतीकडे,
मग पुन्हा तुकड्यांकडे, जरा कमी प्रेमानं.

"अंजीर? पिझ्झ्यावर?"
थॅडियस व्होइचिक विचारतो. नऊ वर्षं विचारतोय.
बत्तीस वर्षं एकाच मार्गावर बस चालवली त्यानं,
नवं वळण त्याला एकूणच मंजूर नाही.
"आणि हे निळं चीज! आमच्याकडे असलं झालं की फेकायचे."
मग तोच तुकडा घेतो, खिडकीशी बसतो,
बुडाचा करपट रवा ओल्या बोटानं टिपून खातो.
ताटली अशी येते, की धुवायची लाज वाटावी.

ओंडीन बाप्टिस्ट चर्चमध्ये ऑर्गन वाजवते.
पहिल्या घासाला डोळे मिटून म्हणते, "स्वर्गीय!"
रोझाल्बाचा चेहरा उजळतो.
स्वर्ग अर्धाच खाल्लेला असतो,
उरलेला कागदी रुमालाखाली, नीट पांघरूण घालून.
मी रुमाल उचलत नाही. तसाच डब्यात.

केझाया, रात्रपाळीची नर्स, कोट न काढता उभ्यानं खाते.
तिला एकच विचारायचं असतं: "गरम आहे ना?"
पाच मिनिटांत दार वाजतं. कड चावत चावत गेलेली असते.

दोन विद्यार्थी ट्रफलच्या तेलावरून भांडतात.
एक म्हणतो, रानाचा वास.
दुसरा म्हणतो, मोज्यांचा.
मला दोघांचंही पटतं.

आणि सहा वर्षांचा तेओ, जो फक्त कडा खातो.
वरचं सगळं खरवडून एका बाजूला रचतो,
मशरूम, पालक, सहा डॉलरांचं काय काय,
खाणीतून उपसलेल्या मातीसारखा ढीग.
आई ओशाळते. म्हणते, "त्याला खूप आवडलं."
बाई, मला माहीत आहे. मी ढीग बघितलाय.

तोंडाचं मत तोंडदेखलं असू शकतं.
खाऊन माजावं, टाकून माजू नये म्हणतात,
पण लोकांनी टाकलंच नसतं
तर मला काय कळलं असतं कुणाचं?

फेब्रुवारीत रोझाल्बानं फळ्यावरून अंजीर पुसलं.
म्हणाली, नऊ वर्षं ऐकतेय, माणसाचं कधीतरी ऐकावं.

थॅडियस आला. चष्मा पुसला. फळा वाचला.
पुन्हा चष्मा पुसला.
"अंजीर कुठाय?"
"तुम्हाला आवडत नाही ना," भाचा म्हणाला.
थॅडियस काही बोलला नाही.
साधा चीजचा तुकडा घेतला, खिडकीशी बसला,
बसथांब्याकडे बघत राहिला.

त्याची ताटली उचलली तेव्हा हाताला वजन लागलं.
अख्खी कड. एक दातही न लागलेली.
मी ती धुवायला नेली नाही.
रोझाल्बासमोर ओट्यावर ठेवली आणि फडकं पिळत उभा राहिलो.
तिनं ती दिव्याखाली धरली,
डॉक्टर क्ष-किरणाचा फोटो धरतात तशी.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर अंजीर,
मोठ्या अक्षरात, खडू मोडेपर्यंत दाबून लिहिलेलं.
"अंजीर? पिझ्झ्यावर?" खिडकीकडून आवाज आला,
आणि भट्टीपाशी कुणीतरी हसू दाबलं.

माझं मत कुणी विचारलेलं नाही.
बंद करताना जो तुकडा कुणी घेतला नाही तो माझा,
बहुतेकदा बटाटा-रोझमेरीचा, थंड, कोपरे वळलेले.
तो मी मागच्या पायरीवर बसून खातो.
गुरुवारी त्यात मीठ कमी असतं.
गुरुवारी भाचा पीठ मळतो,
आणि गुरुवारीच त्या मुलीचा फोन येतो.

सांगणार नाही. पण कडही ठेवत नाही.